सहा आठवड्यांचा आगाऊ अनुभव

तहान लागल्यावर विहीर खणणं बारकीच्या बाबांना अजिबात मंजूर नव्हतं. त्यांच्या मते तहान लागण्याच्या निदान आठ दिवस आधी विहीर खणून, पाणी गाळून, तांब्या भरून त्यावर झाकण ठेवलेलं असावं. सकाळी दहाच्या कार्यक्रमाला ते आठ वाजता पोचत आणि खुर्च्या मांडणाऱ्यांना खुर्च्या कशा मांडाव्यात ते सांगत. कुठे जायचं ठरलं की बॅगा आठवडाभर आधी भरून दाराशी ठेवत, त्यामुळे तो आठवडा सगळ्या घराला विटक्या कपड्यांत काढावा लागे. आणि त्यांच्या टेबलाच्या दुसऱ्या खणात सांत्वनाची पाच पत्रं कायम तयार असत. सुवाच्य अक्षरात लिहिलेली, खाली सही केलेली, फक्त नावाची जागा कोरी. कुणाकडे वाईट घडलं की नाव भरून बाबांचं पत्र त्याच दिवशी रवाना होई, आणि त्या घरची माणसं म्हणत, काय हळवा माणूस आहे हा.

तेव्हा पुढे बारकीच्या हातून जे झालं त्यात रक्ताचा दोष थोडा आहेच. पण सगळं खापर बाबांच्या माथी फोडणं बरोबर नाही. बारकीनेही ते कधी फोडलं नाही.

बारकी विद्यापीठात समाजशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होती. परदेशातल्या एका वृद्धाश्रमात सहा आठवडे स्वयंसेवक म्हणून काम करायला तिची निवड झाली, आणि ही बातमी दोन दिवसांत तळमजल्यापासून गच्चीपर्यंत पोचली. मग सल्ले सुरू झाले. एकाने सांगितलं, तिकडे माणसाच्या डोळ्यांत डोळे घालून बोलायचं असतं. दुसऱ्याने सांगितलं, चुकूनही घालायचे नाहीत, उद्धटपणा समजतात. या दोघांपैकी कुणीही परदेशी गेलेलं नव्हतं. जे एक गृहस्थ खरोखर जाऊन आले होते त्यांनी फक्त मोजे जास्त ने म्हणून सांगितलं, आणि एवढं फिरून याला मोज्यांपलीकडे काही कळलं नाही म्हणून सगळ्यांनी त्यांना मनातून बाद केलं.

खरी भानगड विद्यापीठाच्या परदेश विभागात निघाली. तिथल्या कारकुनाने बारकीला एक फॉर्म दाखवला. दर आठवड्याला एक चिंतन अहवाल संगणकावरून दाखल करायचा. त्यात तीन रकाने: आव्हान, भावनिक क्षण आणि शिकवण. खाली तिथल्या संस्थेच्या प्रमुखाची सही, 'वरील मजकूर खरा आहे' अशी. अहवाल एक दिवस जरी उशिरा आला तरी क्रेडिट गेले, आणि क्रेडिट गेले तर वर्ष गेलं. मागच्या वर्षी एका मुलाने 'भावनिक क्षण' हा रकाना रिकामा सोडला होता. त्याचं अजून लटकलेलं आहे, असं कारकून चहा ढवळत म्हणाला.

बारकीने हे घरी येऊन सांगितलं आणि बाबांच्या अंगात वीज संचारली. परक्या मुलखात, दमूनभागून आल्यावर, पोर दर आठवड्याला भावनिक क्षण कुठून आणणार? ते काम इथूनच उरकून जायला हवं होतं. रविवारी सकाळी घरात बैठक बसली. बाबा स्वतः, भाषा शिकवून निवृत्त झालेले शेजारचे मास्तर, आणि रडक्या मालिकांचा एकही भाग न चुकवणाऱ्या समोरच्या काकू. बारकी लिहायला बसली. आई कोपऱ्यात कपड्यांच्या घड्या घालत होती, तिला बैठकीत धरलेलं नव्हतं.

पहिल्या आठवड्यात बारकीने आश्रमातल्या सर्वच्या सर्व बासष्ट वृद्धांची नावं पाठ केली, असं मास्तरांनी घातलं. संख्या माहितीपत्रकात होती. दुसऱ्या आठवड्यात तिने अंगणात चाळीस रोपं लावली. हे बाबांचं, कारण त्यांचे स्वतःचे गॅलरीत अकरा डबे होते. तिसऱ्यात समूहगान, चौथ्यात सकाळची कवायत. पाचव्यावर जरा गाडी अडली. बाबा म्हणाले, पाचव्यात भिंतींना रंग देऊ.

"रंगबिंग नको," काकू शांतपणे म्हणाल्या. "पाचव्यात कुणीतरी जायला पाहिजे. सहाव्यात निरोप आहे ना? त्याच्या आधी एक धक्का लागतोच."

मास्तरांनी ते लगेच भाषेत बसवलं: 'अनेक वर्षे या घराची सेवा केलेल्या एका वृद्ध जिवाने माझा हात हाती असतानाच अखेरचा श्वास घेतला.' वाचून दाखवताना त्यांचा स्वतःचा आवाज भरून आला. काकूंनी पदर डोळ्यांना लावला. ज्या माणसाला अजून कुणी पाहिलेलंही नव्हतं त्याच्यासाठी बैठकीने दोन मिनिटं शांतता पाळली. सहाव्या आठवड्यातला निरोप मास्तरांनी एकटाकी लिहिला. सगळ्यांचे डोळे पाणावले, असा त्याचा शेवट होता.

कपड्यांची थप्पी उचलता उचलता आईने एवढंच विचारलं, "आणि एखाद्या आठवड्यात काहीच झालं नाही तर?"

"काहीच कसं होणार नाही?" बाबा म्हणाले. "त्याला रकाना आहे."

अशा रीतीने बारकीचा सहा आठवड्यांचा अनुभव विमानात बसायच्या अठरा दिवस आधी पूर्ण झाला. बाबांनी तो एकाच फाइलमध्ये नीट क्रमाने बांधून दिला. सगळं एकत्र असलेलं बरं, हा त्यांचा आयुष्यभराचा नियम होता.

प्रत्यक्षात तिथे पोचल्यावर बारकीला तळघरात पाठवण्यात आलं. वृद्धांचे पाणावलेले डोळे वगैरे वरच्या मजल्यांवर असतील तर असोत, खाली कपडे धुवायची खोली होती. दोन मशीन होती. एक नवं, आणि एक बावीस वर्षांचं, जे चालू झालं की जागचं हलत हलत भिंतीपर्यंत जाई आणि त्याला ढकलून परत आणावं लागे. खोलीची मुखत्यार एक धिप्पाड, अबोल बाई होती. तिला बारकी मनातल्या मनात मुकादमबाई म्हणू लागली. कडेला इलॅस्टिक असलेल्या चादरीची घडी कशी घालतो यावरून मुकादमबाई माणसाची परीक्षा करी. बारकीने घातलेली पहिली घडी तिने उचलून पाहिली आणि तिला मोजे जुळवायला बसवलं. बासष्ट माणसांचे मोजे कधीही सम संख्येत येत नाहीत, हे बारकीला पहिल्याच दिवशी समजलं. आणि मोज्यांपलीकडे काही न कळलेल्या त्या गृहस्थांबद्दल तिला नव्याने आदर वाटला.

तिथेच एक आजी आपला हरवलेला करडा मोजा शोधत खाली आल्या. काटकुळ्या, ताठ, केस पुरुषांसारखे आखूड कापलेले. त्यांनी सव्वीस वर्षं शहरातली चौदा नंबरची बस चालवली होती. तिथली भाषा बारकीला जेमतेमच येत होती, पण बसवाल्या आजी सावकाश आणि खणखणीत बोलत, पुढचा स्टॉप सांगितल्यासारख्या. मोजा सापडला. तो पायात चढवता चढवता आजींनी विचारलं, गुरुवारी मोकळी आहेस का?

भानगड अशी होती की आश्रमातल्यांना एकट्याने बाहेर सोडत नसत. गुरुवारी सकाळी मात्र स्वयंसेवकासोबत जायची परवानगी होती. आजींना काही नको होतं, चौदा नंबरमध्ये बसून पहिल्यापासून शेवटच्या स्टॉपपर्यंत जायचं आणि परत यायचं. दीड तासाचं काम. गुरुवारी दहाच्या फेरीला त्यांनीच शिकवून तयार केलेला चालक असे, तो गाडी कशी चालवतो हेही बघायचं होतं. दीड वर्षापासून त्या सोबत शोधत होत्या. बारकी म्हणाली, या गुरुवारी नक्की जाऊ. तिला खरंच जायचं होतं. मोजे सोडून काहीही करायला ती तयार होती.

बुधवारी संध्याकाळी, बोटं साबणाने सुरकुतलेली असताना, तिने पहिला चिंतन अहवाल दाखल केला. 'आपला अहवाल पोचला, धन्यवाद' अशी पाटी आली. मग तिच्या लक्षात आलं की बाबांनी एकत्र बांधलेली अख्खी फाइल गेली आहे. सहाच्या सहा आठवडे. आणि नियमाप्रमाणे त्याची एक प्रत, संगणकानेच तिथल्या भाषेत उतरवून, सहीसाठी थेट आश्रमाच्या व्यवस्थापक बाईंकडे पोचली होती.

व्यवस्थापक बाई जगातल्या त्या थोड्या माणसांपैकी होत्या जी समोर आलेला कागद पूर्ण वाचतात. औषधाच्या खोक्यातली बारीक अक्षरांची घडीसुद्धा त्या शेवटपर्यंत वाचत. गुरुवारी सकाळी नऊला त्यांनी बारकीला बोलावलं. बारकीने रस्ताभर, म्हणजे दोन जिने, आपली बाजू मांडायची वाक्यं जुळवली आणि खोलीत शिरताच ती सगळी विसरली. बाई रागावल्या नव्हत्या. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"आधी अहवाल आणि मग काम, हे आमच्याकडेही चालतं," त्या म्हणाल्या. "पण खोट्यावर मी सही करत नाही. तेव्हा आता हे सगळं खरं करू. मी मदत करते."

सही नाही तर क्रेडिट नाहीत आणि क्रेडिट नाहीत तर वर्ष नाही, ही साखळी बारकीच्या डोळ्यांपुढून भराभर गेली. ती हो म्हणाली. बाईंनी तिला बासष्ट नावांची यादी दिली आणि शुक्रवारी तोंडी परीक्षा ठेवली. पाचव्या आठवड्यापाशी मात्र त्यांचं बोट थांबलं. ह्यात मी काही करू शकत नाही, असं म्हणून त्यांनी पान उलटलं.

बारकी यादी घोकत बाहेर आली तेव्हा बसवाल्या आजी फाटकाजवळच्या बाकावर बसल्या होत्या. निळा कोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, मांडीवर पर्स. बारकीने अडचण सांगितली. आजींनी ऐकून घेतलं, खालपासून वरपर्यंत एकेक बटण काढलं आणि म्हणाल्या, बरं, पुढच्या गुरुवारी.

पुढच्या गुरुवारी चाळीस रोपं आली. अंगण फरसबंद होतं हे बाबांना ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. बाईंनी चाळीस कुंड्या मागवल्या, माती मागवली, आणि माती आणणाऱ्या माणसाने ती फाटकात ओतून गाडी फिरवली. त्या ढिगाच्या पलीकडे निळा कोट बसलेला बारकीला दिसत होता. तिने फावडं वर करून दाखवलं. आजींनी हात वर केला, म्हणजे बरं, असू दे. समूहगानाचा गुरुवार त्याहून वाईट गेला, कारण बासष्टांपैकी ज्यांना ऐकू येत होतं त्यांना गायचं नव्हतं आणि ज्यांना गायचं होतं त्यांना ऐकू येत नव्हतं. दोन गट दोन वेगळी गाणी म्हणत राहिले आणि बारकी मध्ये उभी राहून हात हलवत राहिली. कवायतीत एका निवृत्त शिंपी आजोबांनी वर केलेला हात खांद्यातच अडकला. तो खाली यायला दोन नर्स आणि पाऊण तास लागला. तेवढा वेळ ते बिचारे वर्गात उत्तर देऊ पाहणाऱ्या मुलासारखे बसून होते. दर वेळी बारकी धावत फाटकाशी जाई, दर वेळी आजी बटणं काढत आणि पुढच्या गुरुवारचं नाव घेत. त्यांनी एकदाही तोंड वाकडं केलं नाही. केलं असतं तर बारकीला फार बरं वाटलं असतं.

तशात व्यवस्थापक बाईंनी सर्वांच्या सहकार्यासाठी बारकीचा कार्यक्रम दर्शनी फलकावर लावला होता. पाचव्या आठवड्यावर त्यांनी कागदाची पट्टी चिकटवली होती. पण बासष्ट रिकाम्या माणसांपुढे चिकटवलेली पट्टी किती दिवस टिकणार? ती निघाली, मजकूर वाचला गेला, ज्यांना दिसत नव्हतं त्यांना वाचून दाखवला गेला. त्या दिवसापासून बारकीच्या हातात कुणी हात देईना. जिन्यावर आधार द्यायला गेली तर माणसं कठड्याला चिकटत. शिंपी आजोबा खिशातून हातच काढेनात, जेवतानासुद्धा एकच काढत. दोन आज्यांनी आपसांत पैज लावली, पण कुणावर ते त्यांनी सांगितलं नाही. बारकीने विद्यापीठाला पत्र लिहिलं की पाचव्या आठवड्यातला मजकूर काढायचा आहे. कारकुनाचं उत्तर आलं: एकदा दाखल झालेल्या अनुभवात बदल करता येत नाही. बदल हवाच असल्यास विभागप्रमुखांच्या शिफारशीसह, कारण देऊन, दोन प्रतींत अर्ज करावा. 'संबंधित व्यक्ती अद्याप जिवंत असल्यामुळे' असं कारण लिहून तिने तो कागद फाडून टाकला.

फक्त बसवाल्या आजींनी आपणहून तिचा हात धरला. "माझा धर," त्या म्हणाल्या. "चौदा नंबरने जाऊन आल्याशिवाय मी कुठेही जात नाही."

पाचव्या आठवड्यात, बुधवारी दुपारी, ते बावीस वर्षांचं मशीन भिंतीकडे निघालं. त्याला ढकलायला बारकीने त्याच्यावर हात ठेवला. ते एकदा जोरात थरथरलं, आतून लांब सुस्कारा सोडल्यासारखा आवाज आला आणि ते थांबलं ते थांबलंच. मुकादमबाई धावत आली. तिने झाकण उघडलं, बंद केलं, आणि त्या धिप्पाड बाईच्या गालांवरून पाणी वाहू लागलं. व्यवस्थापक बाई सहीचा कागद घेऊन खाली आल्या. मास्तरांचं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. मग त्यांनी मुकादमबाईला विचारलं की याला जीव म्हणता येईल का. मुकादमबाई नाक पुसत म्हणाली, माझ्यापुरता होता. बाईंनी सही केली. बातमी वर पोचताच शिंपी आजोबांनी दोन्ही हात खिशातून बाहेर काढले.

पण मशीन गेलं म्हणजे गुरुवारच्या निम्म्या चादरी हातांनी धुवायच्या आल्या. बारकी कोपरापर्यंत साबणात बुडालेली असताना आजी कोट घालून स्वतःच जिना उतरून आल्या. त्यांनी चादरींचा ढीग पाहिला. या वेळी काही न विचारताच त्यांनी बटणं काढली, कोट खुंटीला लावला आणि चादरीचं दुसरं टोक धरलं. दोघी मिळून ती पिळू लागल्या. दुपारपर्यंत त्या पिळत होत्या. बारकीने विचारलं, त्या शेवटच्या स्टॉपवर असं आहे तरी काय?

"काही नाही," आजी म्हणाल्या. "एक भिंत आहे, एक नळ आहे. तिथं दहा मिनिटं गाडी थांबायची. त्या दहा मिनिटांत कुणाला माझ्याकडून काही नको असायचं."

बारकीला हे त्या वेळी फारसं कळलं नाही. तिचं लक्ष उरलेल्या चादरींकडे होतं. शेवटच्या गुरुवारी जगबुडी आली तरी जायचं, एवढं मात्र तिने ठरवलं, आणि तसं आजींना बोलूनही दाखवलं.

शेवटच्या गुरुवारी सकाळी दहाला निरोपसमारंभ होता. दुपारी दोनला बारकीला विमानतळाकडे निघायचं होतं, त्यामुळे सकाळचीच वेळ धरली होती. समारंभ बाराला ठेवून दहाच्या बसने जाऊन येता येईल का, असं विचारायचं तिच्या मनात दोनदा आलं. पण बाईंनी खुर्च्या मांडल्या होत्या, केक मागवला होता, आणि इतकं केल्यावर माणसाला बदल सांगायला जीभ रेटत नाही. ती भीड तिला आयुष्यभर पुरली. समारंभ झकास झाला, पण रडेना कुणी. सगळे मजेत केक खात होते. दर सहा आठवड्यांनी मुलं येतात आणि जातात, त्यात रडण्यासारखं काय आहे, असं शिंपी आजोबांनी बाईंना समजावून सांगितलं. बाई हातात सहीचा कागद धरून एकेकाच्या डोळ्यांत वाकून पाहत होत्या. तेवढ्यात बारकीचं लक्ष खिडकीबाहेर गेलं. फाटकाजवळच्या बाकावर निळा कोट बसला होता. चौदा नंबरची बस आली, थांबली, आणि चालकाने आजींकडे पाहून हात हलवला. आजींनीही हलवला. बस गेली. आजी मान वळवून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिल्या, आणि मग खालपासून वरपर्यंत बटणं काढू लागल्या.

बारकी हुंदके देऊन रडली. बाईंना फार समाधान झालं, त्यांनी सही केली.

निघताना बारकी बाकापाशी गेली. मी परत येईन, पुढच्या वर्षी नक्की येईन, असं ती बरंच काही बोलली. आजींनी तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"ये," त्या म्हणाल्या. "पण येताना काही लिहून आणू नकोस."

घरी आल्यावर बारकीचा मोठा सत्कार झाला. काय काय पाहिलंस म्हणून सगळ्यांनी विचारलं आणि मोजे म्हटल्यावर सगळ्यांनी विषय बदलला. आईने तिच्या भेगाळलेल्या बोटांना तेल लावलं. चार महिन्यांनी विद्यापीठाचं पत्र आलं. बारकीच्या चिंतन अहवालांना पहिलं बक्षीस मिळालं होतं. पाचव्या आठवड्यातल्या भावनिक क्षणाचा परीक्षकांनी खास उल्लेख केला होता. येत्या गुरुवारी सकाळी दहाला समारंभात तिने तो उतारा वाचून दाखवायचा होता. मास्तरांनी हे पत्र स्वतःच्या घरी नेऊन दोन दिवस ठेवून घेतलं. काकूंनी जिन्यात भेटेल त्याला सांगितलं की तो माणूस मारायची कल्पना मूळ त्यांची.

बुधवारी संध्याकाळी व्यवस्थापक बाईंची मेल आली. बसवाल्या आजी गेल्या होत्या. मागच्या बुधवारी रात्री, झोपेतच, काही त्रास न होता. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता, म्हणून निळा कोट खुर्चीच्या पाठीवर काढून ठेवलेला होता. पुढे बाईंनी आपणहून आणखी एक गोष्ट लिहिली होती. बारकीचा पायंडा फार चांगला पडला आहे. आता येणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकाकडून सहा आठवड्यांचा कार्यक्रम आधी लिहून घेतला जातो. तिच्यानंतर आलेला मुलगा तर इतका कामसू होता की त्याचा एकही गुरुवार मोकळा गेला नाही.

बारकीने हे दोनदा वाचलं. आपण एक म्हातारी फाटकात बसवून ठेवली, आणि नुसती बसवून ठेवली नाही तर ती तशीच बसून राहील अशी कायमची व्यवस्थाही करून आलो, असं तिला वाटलं. तिला स्वतःची फार लाज वाटली. ती जमिनीवर बसून राहिली. आई येऊन शेजारी बसली आणि सगळं ऐकून घेतलं. मग बाबा आले. त्यांनीही ऐकलं, आणि त्यांना सुचलं ते त्यांनी केलं. टेबलाचा दुसरा खण उघडून एक पत्र आणलं.

"नाव घातलं की झालं," ते हळूच म्हणाले. "उद्या सकाळच्या टपालात पडेल."

बारकीने पत्र हातात घेतलं. अक्षर सुंदर होतं. 'त्यांच्या जाण्याने आमच्या घरात जी पोकळी निर्माण झाली आहे' असं त्यात होतं, आणि पुढे कोरी जागा.

"कुणाला पाठवू, बाबा?" तिने विचारलं. "त्यांना कुणी नव्हतं."

बाबा कोऱ्या जागेकडे बघत उभे राहिले. या परिस्थितीची तयारी त्यांनी केलेली नव्हती.

गुरुवारी बाबा सवयीप्रमाणे दोन तास आधी तयार झाले आणि बापलेक आठ वाजायच्या आत विद्यापीठाच्या फाटकाशी पोचले. आत खुर्च्या मांडणं चाललं होतं. बाबा तिकडे वळणार, एवढ्यात समोरच्या स्टॉपवर एक बस येऊन थांबली. शेवटचा स्टॉप कुठला तो कपाळावर लिहिलेला होता, पण त्या भागात बारकीचं आयुष्यात कधी काम पडलेलं नव्हतं. ती रस्ता ओलांडून बसमध्ये चढली. बाबांनी खुर्च्यांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि तिच्या मागोमाग चढले. कंडक्टरने कुठे जायचं विचारलं तेव्हा बारकी म्हणाली, शेवटपर्यंत, आणि परत.

शेवटच्या स्टॉपवर बस रिकामी झाली. तिथे एक बंद गॅरेज होतं आणि एक सिमेंटचा बाक. चालक उतरला, बसभोवती एक चक्कर मारून बाकावर बसला आणि त्याने डोळे मिटले. इथे काय आहे, असं बाबांनी विचारलं. काही नाही, असं बारकीने सांगितलं. तिला वाटलं होतं की इथवर आलं की थोडं हलकं वाटेल. वाटलं नाही. शेजारची जागा ज्यांची होती त्या नव्हत्या, आणि तिथे बाबा समारंभासाठी आणलेल्या हारांची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. चालक उठला, बस वळली.

विद्यापीठापाशी उतरले तेव्हा दहाला दहा कमी होते. आतून माइक तपासल्याचा आवाज येत होता. बाबांनी घड्याळ पाहिलं आणि मनाशी हिशेब केला.

"पावणेदोन तास गेले," ते म्हणाले. तक्रार नव्हती, नोंद होती. "आणि केलं तर काहीच नाही आपण."

"हो," बारकी म्हणाली. "तेवढंच करायचं होतं, बाबा."